त्याच्यासमक्ष विचारलेला प्रश्न

शास्त्रवाचन : योहान ९:१-४१, २ शमुवेल ४:४, ५:६-८, ९:१-१३, लेवीय १९:१४

योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातील जन्मांध मनुष्याची कथा आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. रविवारच्या शाळेत ती आपण ऐकली, पुढे अनेक उपदेशांतून ऐकली. परंतु ओला केलेला चिखल, शिलोहाचे तळे आणि उघडलेले डोळे यांकडे आपले लक्ष इतक्या लवकर वेधले जाते की, त्याआधीच्या दोन वचनांवरून आपण भरभर पुढे निघून जातो. या पाठात आपल्याला त्या दोन वचनांपाशी थोडे थांबावयाचे आहे.

येशू आपल्या शिष्यांसह वाटेने चालला आहे. जन्मापासून दृष्टी नसलेला एक मनुष्य त्यांना दिसतो. शिष्य आपल्या गुरूला विचारतात की, हा असा जन्मला तो कोणाच्या पापामुळे, याच्या स्वतःच्या की याच्या आईबापांच्या? प्रश्न अभ्यासू मनांचा आहे. वडिलांच्या अन्यायाचे प्रतिफळ पुढच्या पिढ्यांना मिळण्याविषयीचे निर्गमातील वचन (२०:५) त्यांना ठाऊक होते, आणि प्रत्येकाने आपापल्या पापाचा जाब द्यावा हे यहेज्केलाचे (अ. १८) प्रतिपादनही त्यांनी ऐकले असावे. या दोहोंचा मेळ कसा घालावा, हा धर्मशास्त्राचा खराखुरा पेच होता. पेच सोडविण्यासाठी उदाहरण हवे होते. ते रस्त्याच्या कडेला आयतेच बसलेले होते.

आता एका साध्या गोष्टीकडे लक्ष द्यावे. तो मनुष्य आंधळा होता, बहिरा नव्हता. गुरुशिष्यांचा तो संवाद त्याच्या कानांवर पडत होता. आपल्या जन्मदात्यांच्या पापाची चर्चा अनोळखी माणसे आपल्या डोक्यावरून करीत आहेत, हे त्याला कळत होते. त्याच्याविषयी सर्व जण बोलतात, त्याच्याशी कोणी बोलत नाही. असे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होते असे मानण्याचे कारण नाही.

हा प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वीच्या यरुशलेमेत राहून गेला असता तर या पाठाचे प्रयोजन उरले नसते. २०२४ सालच्या ऑगस्टच्या अखेरीस चेन्नई शहरात तो पुन्हा मोठ्याने विचारला गेला, किंबहुना त्याचे उत्तरच दिले गेले. अशोकनगर भागातील मुलींच्या शासकीय उच्च माध्यमिक शाळेत एका वक्त्याला विद्यार्थिनींना प्रेरणा देण्यासाठी बोलाविले होते. बोलण्याच्या ओघात त्याने असे सांगितले की, कोणी हातापायांविना जन्मतो, कोणी दृष्टीविना जन्मतो, याचे कारण त्याच्या मागील जन्मीच्या कर्मांत आहे. त्या सभागृहात शाळेचे तमिळ विषयाचे शिक्षक उपस्थित होते, आणि ते स्वतः दृष्टिहीन होते. ते तेथल्या तेथे उठले आणि शाळेत अशी शिकवण देण्यास त्यांनी हरकत घेतली. वक्ता नमला नाही. मुलींच्या देखत तो शिक्षकांशीच हुज्जत घालू लागला.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात या प्रसंगाचे चित्रण राज्यभर पाहिले गेले आणि मोठा क्षोभ उसळला. अपंगांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या संघटनांनी तक्रार केली. ७ सप्टेंबर रोजी परदेशातून परतताच चेन्नईच्या विमानतळावर त्या वक्त्याला ताब्यात घेऊन अटक करण्यात आली. मुख्याध्यापिकेची बदली झाली, आणि शिक्षणमंत्र्यांनी शाळेत येऊन त्या शिक्षकांच्या धैर्याचा जाहीर गौरव केला. गुन्ह्याच्या कलमांत दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या ९२ व्या कलमाचाही समावेश होता. अपंग व्यक्तीची चारचौघांत मानहानी करण्याच्या हेतूने तिचा बुद्ध्या अपमान केल्यास सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कारावास व दंड अशी शिक्षा हे कलम सांगते. या प्रकरणी हेतू काय होता हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. आपल्या अभ्यासाचा विषय वेगळा आहे.

ही बातमी वाचून आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल की, हा तर कर्मसिद्धांताचा दोष. आपल्या मंडळीत असे कोणी बोलत नाही. वाचकहो, या समाधानात फार वेळ राहू नये. योहानाच्या नवव्या अध्यायातील प्रश्न परराष्ट्रीयांनी विचारलेला नाही, परूश्यांनीही नाही. तो शिष्यांनी विचारला आहे. मूल वेगळे जन्मले म्हणजे 'घराण्यात काही शाप असेल, तो मोडला पाहिजे' असे सांगणारे आपल्या प्रार्थनासभांत भेटतात की नाही? आजाऱ्यांसाठी भरविलेल्या सभेत चालता न येणाऱ्या मुलीवर हात ठेवून प्रार्थना होते. ती उठून चालली नाही म्हणजे हळू आवाजात कोणीतरी म्हणते, 'विश्वास कमी पडला.' कर्माऐवजी विश्वास हा शब्द आला, पूर्वजन्माऐवजी पूर्वज आले. हिशेबाची वही मात्र तीच राहिली. त्या मुलीची आई घरी जाताना दोन ओझी घेऊन जाते. एक तिच्यापाशी होतेच, दुसरे आपण दिलेले असते.

प्रभूने दिलेले उत्तर पाहू. यानेही पाप केले नाही व याच्या आईबापांनीही नाही, असे तो प्रथम स्पष्ट सांगतो. हिशेब तेथेच बंद होतो. पुढे देवाची कार्ये त्याच्या ठायी प्रकट व्हावी असे वाक्य येते, आणि येथे पुष्कळ वाचक अडखळतात: देवाने केवळ आपले सामर्थ्य दाखविण्यासाठी एका माणसाला इतकी वर्षे अंधारात ठेविले काय? या संबंधात एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मूळ ग्रीक हस्तलिखितांत आजच्यासारखी विरामचिन्हे नव्हती. वाक्य कोठे संपते ते पुढील वाचकांनी ठरविले. म्हणून काही अभ्यासक तिसऱ्या वचनाचा उत्तरार्ध चौथ्या वचनाला जोडून वाचतात. तसे वाचले म्हणजे अर्थ असा होतो: पाप ना याचे ना त्याच्या आईबापांचे, परंतु देवाची कार्ये त्याच्या ठायी दिसावीत म्हणून, ज्याने मला पाठविले त्याची कामे दिवस आहे तोवर आपण केली पाहिजेत. कारणाचा शोध सोडून प्रभू कामाकडे वळतो. दोन्ही वाचनांना आधार आहेत. तरी मला दुसरे अधिक पटते, कारण ते बोलून झाल्याबरोबर प्रभू खरोखरच खाली वाकून काम करू लागतो.

आणि तो त्या मनुष्याशी बोलतो. जा आणि धू, असे सांगतो. या अध्यायात त्याला उद्देशून उच्चारलेले हे पहिले शब्द आहेत.

येथे कोणी म्हणेल की, बेथेस्दा तळ्यावरील मनुष्याला बरे केल्यावर येशूने पुन्हा पाप करू नको असे बजावले (योहान ५:१४), त्याचे काय? त्या एका माणसाला, मंदिरात त्याला गाठून, येशूने जे सांगितले ते त्या माणसासाठी होते. ते उचलून रस्त्यावरच्या प्रत्येकाला लावण्याचा अधिकार आपल्याला मिळालेला नाही. शिलोहाच्या बुरुजाखाली दबून मेलेल्या अठरा जणांविषयी याच प्रभूने दिलेले उत्तर (लूक १३:४-५) सोबत वाचावे म्हणजे पुरे. ईयोबाचे मित्रही सात दिवस जमिनीवर मुकाट्याने बसले होते तोवर चांगले मित्र होते. स्पष्टीकरण देऊ लागले तेव्हा बिघडले.

आता कथेचा पुढचा भाग घेऊ, कारण भाषेचा प्रश्न तेथे अधिक उघडा पडतो. दृष्टी आल्यावर तो मनुष्य घरी येतो, तेव्हा शेजारी वाद घालू लागतात की हा तोच काय. ज्याला इतकी वर्षे रोज पाहिले त्याला ते ओळखू शकत नाहीत. त्यांनी त्याचे आंधळेपण पाहिले होते, भीक मागणे पाहिले होते. चेहरा पाहण्याची गरज कोणाला वाटली नव्हती. मीच तो आहे, असे त्याला स्वतःच्या तोंडाने सांगावे लागते. परूशी त्याला दोनदा बोलावितात. प्रत्येक वेळी तो अधिक धीट होतो, अधिक मार्मिक बोलतो, आणि शेवटी त्यांच्याशी शास्त्रार्थ करू लागतो. तेव्हा उत्तर सुचत नाही म्हणून ते त्याच्या जन्मावर येतात: तू सर्वस्वी पापात जन्मलेला, आणि तू आम्हांस शिकवितोस काय? असे म्हणून त्याला बाहेर घालवितात (९:३४).

दुसऱ्या वचनात शिष्यांच्या तोंडी जो प्रश्न होता, तोच चौतिसाव्या वचनात शिवी होऊन बाहेर पडतो. चेन्नईच्या त्या सभागृहातील शिक्षकांना हे वचन कोणी वाचून दाखविले असेल की नाही कोण जाणे. 'आम्हांस शिकवितोस काय?' हे तर ज्यांचे कामच शिकविण्याचे त्यांच्यापुढे घडले.

मराठी भाषेत या शिवीची रूपे किती आहेत, हे आपण थोडे मोजून पाहावे. 'वासरांत लंगडी गाय शहाणी', 'आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं', 'आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन', या म्हणी आपण नित्य वापरतो. न पटणारी सबब 'लंगडी' असते, दुबळा युक्तिवाद 'पांगळा' असतो, ऐकत नाही ते सरकार 'आंधळे आणि बहिरे' असते. मुले 'आंधळी कोशिंबीर' खेळतात. या प्रत्येक शब्दावर बंदी घालावी असे मी म्हणणार नाही. खेळ हा खेळ आहे, आणि म्हणी शेकडो वर्षांच्या आहेत. पण ज्याचा पाय अधू आहे अशा माणसाच्या कानाने एक दिवसभर मराठी ऐकून पाहावी; कमीपणा सांगावयाचा झाला की भाषा त्याच्याच शरीराकडे बोट दाखविते हे तेव्हा कळते. आणि रागाच्या भरात मुलांना हाका मारताना आईबाप जे शब्द वापरतात, चष्मेवाल्याला, तोतऱ्याला, हळू शिकणाऱ्याला जी नावे पडतात व जन्मभर चिकटतात, त्यांना तर म्हणीचाही आडोसा नाही.

चांगल्या हेतूने बनविलेले शब्दही या वाटेने जातात. 'मतिमंद' हा शब्द शासनाच्या कागदांत व शाळांच्या पाट्यांवर होता. मुलांनी तो पाटीवरून उचलला आणि एकमेकांवर फेकावयास घेतला. इंग्रजीत 'स्पॅस्टिक' ही वैद्यांची संज्ञा होती. मेंदूच्या पक्षाघाताने स्नायू ताठर झालेल्या मुलांसाठी १९७२ साली मुंबईत आणि १९८५ साली चेन्नईत ज्या संस्था निघाल्या, त्यांच्या नावांत हा शब्द अभिमानाने घातलेला होता. परंतु इंग्रजी बोलणाऱ्या मुलांत तो टवाळीचा शब्द होऊन बसला. इंग्लंडमधील अशाच संस्थेने १९९४ साली आपले नाव बदलून 'स्कोप' केले. चेन्नईची संस्था पुढे 'विद्यासागर' झाली आणि मुंबईची 'अडॅप्ट'.

तमिळ भाषेतील स्थित्यंतर आपल्याला विशेष जवळचे वाटेल. तेथे पूर्वी 'ऊनमुट्रोर' असा शब्द होता: ज्यांना 'ऊनम्' आहे ते. हे 'ऊनम्' संस्कृत 'ऊन' या शब्दापासून आले, आणि आपले 'उणे' व 'उणीव' त्याच घराण्यातील. म्हणजे माणसाचे नावच 'उणा'. करुणानिधी यांच्या शासनाने २०१० च्या सुमारास शासकीय व्यवहारातून हा शब्द काढून 'माट्रुत्तिरनाळि', म्हणजे निराळे सामर्थ्य असलेला, हा शब्द रूढ केला. हिंदीत व मराठीत 'दिव्यांग' हा शब्द पंतप्रधानांनी डिसेंबर २०१५ मधील आकाशवाणीवरील भाषणात सुचविल्यानंतर प्रचारात आला. तो अनेकांनी स्वीकारला आणि अनेक अपंग कार्यकर्त्यांनी नाकारला. त्यांचे म्हणणे असे की, आमच्या अवयवांत दिव्य काही नाही; आम्हाला बसमध्ये चढता आले म्हणजे झाले. या म्हणण्यात मला तथ्य दिसते. देव्हाऱ्यात बसविलेल्या माणसालाही घरातील जेवणाच्या पंगतीत कोणी बसवीत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ८ जुलै २०२४ रोजी एका चित्रपटासंबंधीच्या खटल्यात या विषयाचा बराच खोलात जाऊन विचार केला आहे. अपंगत्व म्हणजे काय हे समजावून देणारा विनोद निराळा आणि अपंगाला खाली पाडणारा विनोद निराळा, असा भेद न्यायालयाने केला. 'पीडित', 'ग्रस्त', 'बळी' या अर्थाचे शब्दही टाळावेत असे त्यात म्हटले आहे, कारण त्यांमुळे सारा दोष त्या एका शरीरात आहे असे वाटू लागते. आपल्या प्रार्थनांत 'अंधत्वाने पीडित बांधव' असे शब्द सहज येतात, म्हणून हे येथे नोंदविले.

मग शब्द कोणता वापरावा? आपल्या पवित्र शास्त्राच्या भाषांतरात आंधळे, लंगडे, मुके, बहिरे हे शब्द आहेत, आणि ते लिहिणाऱ्यांच्या मनात तुच्छता नव्हती. ते त्या काळचे साधे मराठी होते. आज बहुतेक दृष्टिहीन माणसे स्वतःला 'अंध' म्हणवून घेतात. ऐकू न येणाऱ्यांना 'मूकबधिर' हा शब्द आवडत नाही, कारण ती मुकी नाहीत, त्यांची हातांची भाषा आहे. 'कर्णबधिर' त्यांना चालतो. यादी पाठ करण्यापेक्षा समोरच्याला विचारावे हे बरे. खुद्द प्रभूनेही बार्तीमयाला, मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे, असे विचारले (मार्क १०:५१). उत्तर उघड दिसत असताना विचारले.

शास्त्रात एके ठिकाणी तर शिवीची म्हण कशी होते याचा इतिहासच दिलेला आहे. दावीद यरुशलेम घेण्यास आला तेव्हा यबूसी लोकांनी तटावरून त्याला डिवचले की, आमचे आंधळे आणि लंगडेसुद्धा तुला परतवून लावतील. दावीदाने संतापून तेच शब्द उलट फेकले. आणि मग, शमुवेलाचा लेखक सांगतो, त्यावरून अशी म्हण पडली की आंधळे व लंगडे यांनी घरात येऊ नये (२ शमुवेल ५:६-८). प्राचीन ग्रीक भाषांतरात हे घर म्हणजे प्रभूचे घर असे स्पष्ट केले आहे. भांडण दोन सैन्यांचे होते. त्या भांडणाशी ज्यांचा काही संबंध नव्हता, ज्यांनी कोणाला काही म्हटले नव्हते, त्यांच्यासाठी दार बंद झाले. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात (११:४-८) यरुशलेम घेतल्याची हीच हकीकत आहे, पण तिच्यात आंधळ्यालंगड्यांचा उल्लेख नाही. शमुवेलाच्या लेखकाने मात्र तो ठेविला आहे, आणि तो कोठे ठेविला आहे ते पाहावे.

त्याच्या एक अध्याय आधी आपल्याला पाच वर्षांचा एक मुलगा भेटतो. शौल व योनाथान पडल्याची वार्ता येताच दाई त्याला उचलून पळते, घाईत तो पडतो आणि दोन्ही पायांनी अधू होतो (४:४). पाप कोणाचे? कोणाचेही नाही; एका भ्यालेल्या स्त्रीची घाई. हा मफीबोशेथ. चार अध्यायांनंतर दावीद शौलाच्या घराण्यात कोणी उरले आहे काय असे विचारतो, तेव्हा सीबा हा चाकर उत्तर देतो: योनाथानाचा एक मुलगा आहे, तो पायांनी लंगडा आहे. नाव सांगत नाही. नाव पहिल्यांदा उच्चारतो तो दावीद, तो आत आल्यावर, त्याच्या तोंडावर. आणि मफीबोशेथ स्वतःला काय म्हणतो? मेलेले कुत्रे (९:८). म्हण माणसाच्या आत किती खोल जाते ते या एका शब्दात दिसते. दावीद त्याची समजूत घालीत बसत नाही. तो प्रथम आजोबांची जमीन त्याला परत देतो आणि मग आपल्या मेजावर कायमचे स्थान देतो. क्रम लक्षात घ्यावा: आधी हक्क, मग जेवण. ज्या राजाच्या रागातून ती म्हण निघाली, त्याच राजाच्या घरात, रोजच्या पंगतीला, दोन्ही पायांनी अधू असलेला मनुष्य बसतो, आणि अध्याय त्या वाक्यावर संपतो.

मत्तयाला हे सर्व ठाऊक असले पाहिजे. मंदिरातून विकणाऱ्यांना घालवून दिल्यावर लगेच तो लिहितो की, आंधळे व लंगडे मंदिरात येशूकडे आले. आणि पुढच्याच वचनात मुले 'दावीदाच्या पुत्राचा' जयघोष करीत आहेत (२१:१४-१५). दावीदाच्या नावावर चाललेली म्हण दावीदाच्या पुत्राने मंदिरातच मोडली.

एका आक्षेपाचा विचार राहिला. येशूनेही परूश्यांना आंधळे वाटाडे म्हटले (मत्तय २३:१६), मग उपदेशकाने 'आत्मिक आंधळेपण' म्हटले तर काय बिघडले? प्रभू हे कोणाला म्हणाला ते पाहावे. ज्यांचे डोळे शाबूत होते आणि ज्यांना आपल्या दृष्टीचा गर्व होता त्यांना. योहानाच्या नवव्या अध्यायाचा शेवटही तसाच आहे: आम्हांला दिसते असे तुम्ही म्हणता म्हणून तुमचे पाप राहते. अंध माणसाला उदाहरण करून त्याने डोळसांना कधी शिकविले नाही. आपला उपदेशक मात्र पहिल्या बाकावर बसलेल्या अंध बहिणीच्या समक्ष 'आपण सर्व पापाने आंधळे होतो' असे आवेशाने सांगतो, आणि आंधळे म्हणजे पापी हे समीकरण तिच्या कानांत शेकडो वेळा जाते. लेवीयातील नियमशास्त्र सांगते की, बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नको व आंधळ्यापुढे ठेच लागेल असे काही ठेवू नको (१९:१४). बहिऱ्याला शाप ऐकू येत नाही. तरीही तो देऊ नये, कारण देव ऐकतो. मग जिला ऐकू येते तिच्यापुढे किती जपावे!

उपदेशात आणखी एक प्रकार घडतो, आणि तो अपमानासारखा दिसत नाही म्हणून अधिक टिकतो. अपंग माणसाला धैर्याचा नमुना म्हणून उभे करावयाचे, 'पाहा, याला पाय नसून हा इतके करतो, आपण धडधाकट असून काय करतो' असे म्हणावयाचे. येथेही तो उदाहरणच झाला. चेन्नईहून काही तासांच्या अंतरावर असलेल्या वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. मेरी वर्गीस यांनी काम केले. १९५४ साली अपघातात त्यांचे कमरेखालचे शरीर निकामी झाले. चाकांच्या खुर्चीत बसून त्यांनी कुष्ठरोग्यांच्या वाकलेल्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या, परदेशी जाऊन पुनर्वसनशास्त्राचे शिक्षण घेतले आणि परत येऊन वेल्लोरला त्या विषयाचा विभाग उभा केला. त्यांचे जीवन वाचून आपले डोळे ओलावतात, हे ठीक; परंतु त्यांना आपल्या डोळ्यांतील पाण्यापेक्षा त्या विभागात येणाऱ्या रुग्णांच्या पायऱ्या, शौचालये आणि नोकऱ्या यांची चिंता अधिक होती. आपल्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी अंध स्त्रियांच्या निवासाला बार्तिमी सदन हे नाव दिले, तेही असेच वाचावे. बार्तीमयाला लोक गप्प राहा म्हणून दटावीत होते आणि तो अधिकच मोठ्याने ओरडला, म्हणून शुभवर्तमानात त्याचे नाव राहिले. रमाबाईंच्या त्या सदनात स्त्रिया बोटांनी वाचावयास व हातांनी कमवावयास शिकत.

२०११ च्या जनगणनेत भारतात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६० हजार, तमिळनाडूत सुमारे ११ लाख ८० हजार. शंभरांमागे दोनहून अधिक. तेव्हा कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या कायद्यात एकवीस आहेत, म्हणजे आज मोजल्यास संख्या वाढेल. दोनशे माणसांच्या मंडळीत चार-पाच जण तरी असावयास हवेत. ते दिसत नसतील तर ते कोठे आहेत हा प्रश्न पाळकांनी व वडीलजनांनी स्वतःला विचारावा. चर्चच्या सात पायऱ्या, 'सर्वांनी उभे राहावे' ही सूचना, प्रभुभोजनासाठी वेदीपाशी गुडघे टेकण्याची प्रथा, या गोष्टी कोणी मुद्दाम कोणाला अडविण्यासाठी केलेल्या नाहीत. ठेच लागेल असा दगडही बहुधा कोणी मुद्दाम ठेवीत नाही. तो उचलावयाचा राहून गेलेला असतो.

चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये वाळूवरून थेट समुद्रापर्यंत लाकडी वाट बांधण्यात आली. त्या गावात जन्मून म्हातारी झालेली काही माणसे तोवर लाटांना शिवली नव्हती, कारण चाकांची खुर्ची वाळूत रुतते. दोन आठवड्यांतच 'मँडूस' वादळाने त्या वाटेचा काही भाग मोडला. महापालिकेने तो पुन्हा दुरुस्त केला. एप्रिल २०२५ मध्ये त्याच राज्याच्या विधानसभेपुढे, ग्रामपंचायतींत व नगरपालिकांत अपंग व्यक्तींना सदस्य म्हणून नेमण्याची विधेयके मांडण्यात आली. समुद्रापर्यंतची वाट एक, आणि सभेतील जागा दुसरी. आपल्या मंडळ्यांत पहिलीचा विचार हल्ली होऊ लागला आहे. दाराशी उतार बांधलेली चर्चे दिसतात. पण उतार दारापाशीच संपतो. पुलपिटापर्यंत, वेदीपर्यंत तो नेलेला मी फारसा पाहिला नाही. अपंग मनुष्य ऐकावयास येईल असे आपण धरून चालतो, सांगावयास येईल हे आपल्या कल्पनेत नसते. व्यंग असलेल्या याजकाने अर्पण करू नये हा लेवीयातील नियम (२१:१७-२३) कोणी पुढे करतो. त्याच उताऱ्यात त्याला परमपवित्र अन्नातील वाटा मात्र राखून ठेविला आहे हे तो वाचीत नाही, आणि आपला मुख्य याजक हातापायांना खिळ्यांचे व्रण असलेला आहे हेही विसरतो.

जन्मांध मनुष्याला बाहेर घातल्याचे ऐकून येशू त्याला शोधून काढतो (९:३५). त्यांच्यात जे बोलणे होते त्यात त्याच्या डोळ्यांविषयी एक शब्द नाही. येशू त्याला विश्वासाविषयी प्रश्न विचारतो, आणि तो उलट प्रश्न विचारतो की, प्रभो, तो कोण आहे? दोन माणसे बोलतात तसे ते बोलतात.

ज्या मंडळीत अंध बंधू वा भगिनी आहे तिने पुढील महिन्याच्या एखाद्या रविवारी हाच अध्याय वाचनास ठेवावा आणि वाचन त्या व्यक्तीकडे द्यावे. ब्रेल लिपीतील पवित्र शास्त्राचे अनेक जाड खंड होतात, ते हाताशी असतीलच असे नाही. काही जण दूरध्वनीवर ऐकून उतारा पाठ करतात. म्हणून उतारा शनिवारी रात्री न कळविता निदान बुधवारपर्यंत कळवावा. वाचन झाल्यावर या अध्यायाविषयी तुम्हांला काय वाटते असे त्यांना विचारावे, आणि त्या दिवशी उपदेश थोडा आखूड ठेवावा.